पाहुणीचा हिशेब

(इंदूरमधल्या एका मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘परदेशातील मिशनकार्य : एक महिन्याचे अनुभव’. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "काय गं, तू तिकडे लोकांना बाटवायला गेली होतीस?" काकू जुन्या शेजारीण. नाताळचा केक त्यांच्याकडे जातो, दिवाळीचा फराळ आमच्याकडे येतो. त्यामुळे मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात तोच प्रश्न असणार, फक्त तुम्ही काकूंइतके धीट नाही. (हशा) तेव्हा तो आधी मिटवून टाकू.

मी गेले होते केनियाला, मोंबासाच्या किनाऱ्यावर. त्या देशात 2019 साली जनगणना झाली, तीत 100 पैकी 85 जणांनी आपला धर्म ख्रिस्ती म्हणून नोंदवलाय. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी, पण चर्चंही गल्लोगल्ली. योहान लुडविग क्राफ नावाचा जर्मन मिशनरी 1844 मध्ये मोंबासात उतरला. त्याच वर्षी त्याची बायको आणि नवजात मुलगी दोघी गेल्या. तरी तो राहिला. 1846 मध्ये त्याने आणि योहान रेबमानने मिळून रबईच्या टेकडीवर ठाणं बसवलं. म्हणजे आपल्या इंदुरात कॅनडाचं मिशन यायच्या तीस वर्षं आधी तिथे उपासना चालू होती. इंदूरची मी तिथे जाऊन कोणाला ख्रिस्ती करणार? मला स्वाहिलीत पाणी मागायलाही येत नव्हतं.

मी पेशाने नर्स. आयुष्य वॉर्डात गेलं. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, युरोपच्या टूरवर जातात. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीतून मला एक पत्र आलं, की रबईच्या पुढे आत एका खेड्यात चर्चचा छोटा दवाखाना आहे, महिनाभर मदतीला याल का. घरात चर्चा झाली, मुलाने नकाशा उघडून दाखवला, आणि मी हो म्हटलं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवावं लागतं, नाहीतर परत येताना आपलंच सरकार अडवतं. प्रवासाबद्दल एवढंच. विमानाचं जेवण वगैरे सांगत नाही.

आता थोडं मागे जावं लागेल, कारण मी तिथे ज्या डोळ्यांनी बघत होते ते डोळे घरातून आलेले आहेत.

आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा कंपाउंडर होते, मिशनच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी इथे 1877 मध्ये काम सुरू केलं. सुरुवातीला होळकर दरबाराशी त्यांचे खटके उडाले, मग हळूहळू जमलं, आणि 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. त्या कॉलेजबद्दल आपण इंदूरकर एकच गोष्ट सांगतो, की किशोरकुमार तिथे शिकले. पण त्याच मिशनमधून एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर या दोन डॉक्टर बायका इथे आल्या होत्या. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही अशा घरांतल्या बायकांपर्यंत त्या पोचल्या. माझ्या घराण्याची भाकरी त्या कामावर भाजली गेलीय, हे मी कृतज्ञतेने सांगते.

तरी आईकडून ऐकलेली एक गोष्ट आहे. दर नाताळला कॅनडातून पार्सलं यायची. तिथल्या चर्चमधल्या बायका वर्षभर विणकाम करून पाठवायच्या. एका वर्षी मिशन कंपाउंडातल्या प्रत्येक मुलाला लोकरीचे हातमोजे मिळाले. माळव्यात. डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडते, पण हातमोज्यांची नाही. आई म्हणायची, त्या मोज्यांचे आम्ही बाहुल्यांना झगे केले. आणि मग मिस साहेबांनी सगळ्यांना ओळीत बसवून आभाराची पत्रं लिहायला लावली. मोजे छान आहेत, उबदार आहेत. आईला त्या बायकांचा राग नव्हता. कोणीतरी दूरवर आपल्यासाठी टाके घातले, याचं तिला शेवटपर्यंत अप्रूप होतं. पण पत्र लिहिताना हात कसा अडायचा तेही ती सांगायची. आमच्या घरात मिशन या गोष्टीची अशी दुसरी बाजू कायम होती: घेणाऱ्याची. आणि आता त्याच घरातली मी, बॅगा भरून, देणारी म्हणून निघाले होते.

नैरोबीहून मोंबासाला 2017 पासून नवी रेल्वे आहे. जुना लोहमार्ग 1896 ते 1901 मध्ये इंग्रजांनी बांधला, त्यासाठी भारतातून सुमारे 32 हजार मजूर नेले होते. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिकडेच मेले. डब्यात माझ्या शेजारी बसलेल्या शाळामास्तरांनी मला हे सांगितलं, आणि मी त्या मजुरांच्या गावची असल्यासारखे ते माझ्याशी हळुवार बोलू लागले. मोंबासाहून पुढे मटाटू, म्हणजे आपली मिनीडोर समजा, फक्त गाणी जास्त मोठ्याने.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची लांब इमारत. पुढे व्हरांडा, त्यात सिमेंटचे बाक, अंगणात नारळाची झाडं आणि पाण्याचे पिवळे कॅन ओळीने मांडलेले. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. बाकी सगळं एका सिस्टरच्या हातात. तिला सगळे इनचार्जच म्हणायचे, मीही तेच म्हणेन. वय चाळिशीचं, चालणं झपाझप, आवाज खालचा. पहिल्या सकाळी तिने माझी सर्टिफिकेटं नीट वाचली, घडी घालून परत दिली, आणि मला वजनकाट्यावर बसवलं. गरोदर बायकांचं आणि पोरांचं वजन करायचं, कार्डावर मांडायचं. मी आयसीयूत काम केलेली बाई! माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला भाषा येत नाही, पण आकडे येतात. आकड्यांपासून सुरू करा."

याहून बरोबर ड्यूटी मला कोणी लावली नसती. काट्यावर बसलं की गाव समोरून जातं. कोण कोणाचा हात धरून येतं, कोणत्या पोराचं वजन मागच्या कार्डापेक्षा घटलंय, कोणती बाई रांगेत तीनदा मागे सरकून इतरांना पुढे जाऊ देतेय. बुरख्यातल्या बायका आणि गळ्यात क्रूस घातलेल्या बायका एकाच बाकावर, एकमेकींची पोरं मांडीवर घेऊन. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी इनचार्ज प्रार्थना म्हणायची. दोन वाक्यांची. दिवसाचं काम नीट होऊ दे, कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये. आमेन, पहिला नंबर. आमच्याकडच्या काही वडीलमंडळींनी तिच्याकडून प्रार्थनेची लांबी शिकून घ्यावी, असं माझं नम्र मत आहे. (हशा)

त्यांच्याकडे वेळ मोजण्याची रीत वेगळी. दिवस उजाडला की घड्याळ सुरू. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. दवाखान्याचं रजिस्टर इंग्रजी वेळेने आणि बायकांच्या तोंडी स्वाहिली वेळ. इंजेक्शन कधी दिलं होतं, ताप कधी चढला, हे विचारताना डोक्यात सारखी सहाची वजाबाकी. आठवड्याभरात जमलं.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगते.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन एक तरुण आई आली. बाळ रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. दोन्ही हातांचे पंजे आणि दोन्ही पावलं सुजलेली. त्यांच्याकडे आपल्या आशा कार्यकर्त्यांसारख्या बायका असतात. सरकारने 2023 पासून त्यांना किट देऊन कामाला लावलंय. त्यांतली एक या आईसोबत आली होती. शाळा फारशी झालेली नव्हती तिची. तिने बाळाचा हात आपल्या तळव्यावर घेतला, अंगठ्याने सुजेवर अगदी हलकं दाबलं आणि बघत राहिली, खळगा पडतो का. नाही पडला. मग खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. मग आईला काहीतरी विचारलं. आईने दोन बोटं वर केली आणि एक मिटलं. दोन झाली होती, एक गेलं. ती बाई इनचार्जकडे वळून एकच शब्द बोलली. माझ्या कानाला तो कळला नाही, पण मनात मीही तेच म्हणत होते: सिकल सेल.

झाबुआ-अलिराजपूरकडचे पेशंट ज्या नर्सने हाताळलेत तिला हे हातपाय विसरता येत नाहीत. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लहान बाळात पहिली खूण बऱ्याचदा हीच, पंजे आणि पावलं सुजणं. आईबाप दोघांमध्ये या आजाराच्या जनुकीय दोषाची एक-एक प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल आजारी निघेल. ज्याच्यात एकच प्रत असते तो धडधाकट असतो आणि त्याला तीव्र मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हा दोष टिकून राहिला: आपल्या आदिवासी पट्ट्यात आणि त्यांच्या किनाऱ्यावरही. किलिफीला 1989 पासून संशोधनाचं मोठं केंद्र आहे, त्याच जिल्ह्यात हे सगळं चाललं होतं. बाळाचं रक्त तपासणीला गेलं. पुढे रोज दोन वेळा पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, ताप आला की घरी थांबायचं नाही. इनचार्ज हे त्या आईला सांगत होती आणि आई प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवत होती. पाठ करून घ्यायची ही पद्धत मी आपल्याकडे इतकी काटेकोर कुठे पाहिली नाही.

त्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की आता माझ्याकडे द्यायला काहीतरी आहे. मी इनचार्जला सांगितलं, की आमच्याकडे 1 जुलै 2023 ला शहडोलहून, म्हणजे आमच्याच राज्यातून, सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी करून लोकांना कार्डं देतात, म्हणजे लग्न ठरवताना दोघांची कार्डं जुळवून बघता येतात. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कार्ड दाखवल्यावर लग्न मोडतं का? आणि मोडलं तर नाव कोणाचं खराब होतं, मुलाचं की मुलीचं?"

मंडळी, मी इतकी वर्षं या खात्यात होते. कार्ड किती वाटली याचे आकडे मीटिंगमध्ये पुष्कळ ऐकले. हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी विचारलेला मला आठवत नाही. तिला तो पहिल्या मिनिटात सुचला, कारण तिच्याकडे आजारी मूल झालं की सासरचे आईलाच दोष देतात आणि अशा बायका तिच्याच व्हरांड्यात येऊन बसतात. मी द्यायला गेले, आणि परत येताना हा प्रश्न घेऊन आले. झाबुआच्या एका कार्यकर्तीला मी तो इथे आल्यावर विचारला. ती म्हणाली, "ताई, यावर सावकाश बसून बोलू." म्हणजे उत्तर काय आहे ते तुम्ही समजून घ्या.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती, कुलूप लावलेली. एकदा कापसाचे बंडल शोधायला तिथे गेलो तर आत पाहुण्यांच्या भेटींचा ढीग. आधी येऊन गेलेल्या वेगवेगळ्या देशांच्या टोळ्यांनी ठेवून गेलेला. मुदत संपलेल्या गोळ्यांचे डबे, दुसऱ्याच जातीच्या प्लगचं एक यंत्र, त्याच्यासोबतचं पुस्तक तिथे कोणालाच न वाचता येणाऱ्या भाषेत. बर्फाळ देशात घालतात तसली लहान मुलांची जाकिटं. मला आईचे हातमोजे आठवले हे सांगायला नकोच. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, की दान दिलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभर मुदत बाकी असावी. तेवढाही कोणी पाळला नव्हता. आणि हे फेकणंही सोपं नसतं. औषध जाळायला, पुरायला परवानग्या लागतात, कागद लागतात. म्हणजे भेट आली ती कामच घेऊन आली.

तिथल्या लोकांनी स्वतःची व्यवस्था केलेली आहे, हे बाहेरून येणाऱ्याला माहीतच नसतं. 1986 मध्ये केनियातल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून ‘मेड्स’ नावाची संस्था काढली. ती औषधं ठोक भावात घेते, तपासते आणि मिशनच्या दवाखान्यांना पुरवते. इनचार्ज दर महिन्याला यादी करते, पैसे मोबाइलवरून भरते, औषध येतं. एम-पेसा तिथे 2007 पासून आहे, आपल्याकडे यूपीआयचं नावही नव्हतं तेव्हापासून. तिला हवी होती ती गोष्ट यादीतली औषधं वेळेवर घेता येतील एवढे पैसे. पण पैशांचा फोटो चांगला येत नाही.

फोटोचा विषय निघालाच आहे तर सांगते. महिनाभराच्या मिशनला जाणाऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मध्ये आपण, भोवती दहा पोरं, सगळी हसतायत. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात कोणी परका माणूस येऊन तुमच्या नातवाला कडेवर घेऊन फोटो काढून जगभर पाठवू लागला तर तुम्ही काय कराल? मी तरी त्याला जिन्यावरून खाली ढकलेन. आणखी एक प्रकार म्हणजे भिंती रंगवणं. पाहुण्यांना हौस असते, म्हणून शाळेची तीच भिंत दरवर्षी नव्या टोळीसाठी राखून ठेवतात. गावात रंगारी असतात. ते कट्ट्यावर बसून पाहुण्यांचा हात बघतात. विनोदी वाटतं, पण त्या रंगाऱ्याच्या घरी त्या दिवशीचा रोज जात नाही.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरता एक हिशेब मांडला. नर्सेसना शिफ्ट संपल्यावर हिशेब मांडायची सवय असते. मी दिलं काय? वजनं केली, ड्रेसिंग केली, बीपी मोजलं, दोन मुलींना शीर शोधायची एक युक्ती शिकवली. आणि खर्च काय झाला? माझ्यासाठी एका घरातली मुलगी महिनाभर आईच्या खोलीत झोपली. रोज माझ्या आंघोळीचा एक कॅन जास्त पाणी आलं, आणि ते पाणी हातगाडीवाल्याकडून विकत घेतलेलं असतं. दिवसातले कितीतरी तास एक नर्स माझ्यासाठी दुभाष्याचं काम करत राहिली, म्हणजे तेवढा वेळ तिचं काम दुसरीने ओढलं. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भाजी त्यांना पुरली असती, पण माझ्यासाठी नारळाच्या दुधातला भात आणि चपात्या झाल्या. विमानाचं तिकीट माझं होतं. बाकीचं बिल त्यांनी भरलं आणि कोणीही ते मला दाखवलं नाही. महिनाभराचं मिशन ही सेवा असते असं मला आता म्हणवत नाही. ती शिकवणी असते, आणि शिकवणीची फी यजमान भरतात.

हे समजल्यावर मी शुभवर्तमान परत उघडलं. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवतो. लहानपणापासून वाचलेला भाग. तिथे काय सांगितलंय? पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात घेतील त्या घरात राहा, ते देतील ते खा-प्या, घरं बदलत फिरू नका. म्हणजे ज्याला पाठवलंय तो रिकाम्या हाताने जातो. त्याला ताटासाठी, अंथरुणासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. पुढे बॅगा कशा आल्या, मोजे कसे आले, कोणास ठाऊक. मी हा भाग साठ वर्षं उपदेश म्हणून ऐकला. त्या घरात, त्या मुलीच्या पलंगावर बसून वाचला तेव्हा ती मला सूचना वाटली, सरळ कामाची सूचना, ड्यूटी बोर्डावर लावतात तशी.

रविवारची उपासना अडीच-तीन तासांची, संपूर्ण स्वाहिलीत. खोटं कशाला सांगू, प्रवचन चालू असताना मी छपराचे पत्रे मोजले. पण उपासना संपल्यावर जे व्हायचं त्याची मी आठवडाभर वाट बघायचे. ज्यांच्याकडे रोख नाही ते अर्पण म्हणून वस्तू आणतात. केळ्यांचा घड, कसावा, अंडी, नारळ, कोंबडी. मग बाहेर झाडाखाली लिलाव. एक वडील गृहस्थ, कोट घातलेले, कोंबडीला पाय धरून उलटी उंच करणार आणि बोली सुरू. कोंबडी फडफडतेय, पोरं ओरडतायत, दोन भाऊ एकमेकांवर चढाओढीने बोली लावतायत, त्यांच्या बायका मागून शर्ट ओढतायत. एका आजीबाईंनी एक अंडं आणलं होतं. आपल्याला लगेच बायबलमधल्या गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, आठवतात आणि डोळे भरून येतात. तिथे तसलं काही नव्हतं. ते अंडं एकाने घेतलं, पैसे टाकले, आणि परत लिलावात ठेवलं. दुसऱ्याने घेतलं, परत ठेवलं. एकाच अंड्यावर पाच-सहा जणांकडून पैसे वसूल झाले, आणि आजीबाई प्रत्येक बोलीला टाळ्या वाजवत होत्या. शेवटी ते माझ्या हातात आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पैसे दिले आणि अंडं परत ठेवलं. तेव्हा जो हशा झाला, त्या हशात मला गावात घेतलं असं मी मानते.

आता नाशिकची गोष्ट. ही मला तिथे जाऊन कळावी याची थोडी लाजच वाटते, कारण ती आपली आहे.

एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांतून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून नेत. इंग्रजांच्या आरमाराने अडवलेल्या गलबतांतली पोरं मुंबईला उतरवली जायची. त्यांतल्या बऱ्याच जणांना नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवलं, शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम दिलं. रेव्हरंड विल्यम प्राइस हे तिथले प्रमुख. या मुलांना इतिहासात ‘नासिक बॉइज’ म्हणतात. कुठल्या मुलुखातून पळवून आणलेली पोरं गोदावरीच्या काठी वाढली, मराठी त्यांच्या कानावर पडलीच असणार. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 मध्ये मोंबासाकडे मिशनच्या कामाला गेले. काही जण मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत गेले. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने पायी किनाऱ्यापर्यंत आणला. त्या माणसांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. मरणविधी त्याने वाचला, झाडावर नाव त्याने कोरलं, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता.

पुढे 1875 मध्ये याच प्राइस साहेबांनी मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी वसाहत बसवली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, ज्यांच्या काळात मुंबईचा कोट पाडला, त्यांच्या नावावरून फ्रिअर टाउन. गुलामांचं गलबत दिसलं की वाजवायची घंटा अजून तिथे नाक्यावर कमानीत टांगलेली आहे. मी खाली उभी राहून ती पाहिली, वरून ट्रक-टुकटुकचा धूर. आणि 1885 मध्ये जोन्स आणि सेमलर यांना तिथे धर्मसेवकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मंडळीचे सुरुवातीचे आफ्रिकन सेवक नाशिकहून गेलेले. आणि ते महिनाभरासाठी गेले नव्हते. त्यांनी तिथे घरं बांधली, भांडणं केली, गोऱ्या मिशनऱ्यांशी बरोबरीच्या हक्कासाठी वाद घातले, म्हातारे झाले. मिशन करणारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक टोपीवाला गोरा साहेब येतो. माझ्या डोळ्यासमोर आता शरणपूरला सुतारकाम शिकलेला एक काळा तरुण येतो.

दवाखान्यात औषधं वाटणारी जी मुलगी होती, तिचं आजोळ फ्रिअर टाउनचं. त्यांच्या घरात पिढ्यांपासून सांगतात, की आमचा एक पूर्वज ‘बॉम्बे’हून आला. बॉम्बे म्हणजे नक्की कुठे, हे कोणाला माहीत नव्हतं. मी नकाशावर नाशिक दाखवलं तर तिने फोनमध्ये त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

मला परवा एका बाईंनी विचारलं, माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला असं पाठवू का? पाठवा की. पण एका महिन्यात कोणाचं भलं करून येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिला सांगा, तिथे जी बाई इनचार्ज असेल तिच्या हाताखाली उभी राहा, पहिल्या दिवशी जी ड्यूटी मिळेल ती घे. आणि निघताना त्यांना विचारा, तुम्हाला काय हवंय. आम्ही विचारलं. उत्तर आलं त्यात पैशाचा उल्लेखच नव्हता. इनचार्जला झाबुआकडचं सिकल सेलचं काम स्वतः बघायचंय आणि कार्डाबद्दल तिथल्या बायकांशी बोलायचंय. आणि औषधं वाटणाऱ्या मुलीला नाशिक बघायचंय.

तर येत्या थंडीत दोघी महिनाभर इंदूरला येतायत. आता बिल आपण भरायचंय. निमंत्रणाचं पत्र गेलंय. पिवळ्या तापाचं कार्ड त्यांनाही लागेल, ते त्या बघतायत. पहिले काही दिवस आमच्या घरी, माझी सून तिची खोली देतेय. जोबट-अलिराजपूरकडे जायला गाडी अजून ठरलेली नाही, कोणाची जीप असेल तर डिझेल आम्ही घालू. भिलाली येणारी एक बाई दुभाषी म्हणून हवीय, तिचा रोज द्यायचा आहे, फुकट नको. नाशिकला शरणपूरच्या बाजूला कोणाचे नातेवाईक असतील तर आत्ता बाहेर चहाच्या टेबलापाशी मला नाव आणि फोन द्या. आणि दोघींना आपलं तिखट झेपणार नाही, तेव्हा जेवायला बोलावणार असाल तर मिरचीचा हात जरा आवरता घ्या.